विश्वामित्री चढत असताना पातळीचं पान उघडलंच पाहिजे

2024च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने बडोद्यात 37 फुटांच्या आसपास मजल मारली. धोक्याची पातळी 26 फूट. अशा रात्री समा, फतेगंज, सयाजीगंज, कारेलीबाग, वडसर या भागांतल्या माणसाला दोनच आकडे हवे असतात: काळा घोडा पुलाशी नदी किती फुटांवर आहे आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आजवा जलाशयात पाणी किती आहे. घरातले सगळे निर्णय त्यावर अडलेले असतात. गाडी उंचावर न्यायची का, आजीला वरच्या मजल्यावर हलवायचं का, आत्ताच निघायचं की पहाटेची वाट बघायची. आणि सरकारी पान नेमकं त्याच तासाला उघडत नाही.

हे टाळता येतं आणि त्याला फार पैसाही लागत नाही. महापालिका, जिल्हा आपत्ती कक्ष, विद्यापीठ किंवा एखाद्या खात्याची वेबसाइट सांभाळणाऱ्या दोन-चार जणांसाठी हे लिहिलं आहे. शेवटी घरी बसून पान बघणाऱ्यांसाठीही थोडं आहे. कामाचा महिना मे. पाऊस धरल्यावर सर्व्हरच्या रचनेला हात घालणं म्हणजे भर पुरात होडीला डांबर लावायला बसणं.

आधी पाटीवर हिशोब

2011च्या जनगणनेत बडोदा शहराची लोकसंख्या 16 लाखांच्या वर होती. धोक्याचा भोंगा वाजल्यावर पहिल्या 10 मिनिटांत 2 लाख लोकांनी पान उघडलं असं धरा. 2 लाख भागिले 600 सेकंद म्हणजे दर सेकंदाला 333 जण.

नेहमीचं मुख्य पान कसं असतं? वर सरकते बॅनर, मान्यवरांचे फोटो, मधे बातम्यांची पट्टी, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. असं पान सहज 3 एमबीचं आणि 60 फाइलींचं होतं. 333 गुणिले 60 म्हणजे सेकंदाला 20 हजार मागण्या, आणि 333 गुणिले 3 एमबी म्हणजे सेकंदाला 1 जीबी. लाइनच्या भाषेत 8 गिगाबिट. एवढी लाइन कुणी पुरासाठी राखून ठेवत नाही.

तेच पान 20 केबीचं आणि दोन फाइलींचं केलं तर? सेकंदाला 667 मागण्या आणि 53 मेगाबिट. साधा सर्व्हर आणि 100 मेगाबिटची लाइन हे पेलते. म्हणजे मोठं यंत्र विकत घेण्याआधी पानाचं वजन उतरवायचं.

बघणाऱ्याच्या बाजूनेही हेच गणित लागू पडतं. दिवसाचा डेटा संपला की बहुतेक मोबाइल प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने 3 एमबीचं पान उतरायला सहा मिनिटांहून जास्त लागतात, 20 केबीचं अडीच सेकंदांत येतं. वीज गेलेली, टॉवर बॅटरीवर, फोनमध्ये 15 टक्के चार्ज: अशा माणसाकडून सहा मिनिटं मागणं चूक आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा: 151. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा तेवढीच असते. वर्डप्रेस किंवा ड्रुपल (वेबसाइट चालवणाऱ्या तयार प्रणाली) प्रत्येक भेटीला डेटाबेसकडे जाऊन पान बांधत असेल आणि त्याला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला 333 भेटींना एकाच वेळी 166 जोडण्या लागतील. मर्यादा तिथेच संपली. त्यापुढच्याला पानाऐवजी डेटाबेसची चूक दिसते, तो पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो, आणि प्रत्येक रिफ्रेश म्हणजे नवी मागणी. मर्यादा वाढवून हे सुटत नाही, कारण मग मेमरी संपते. उपाय एकच: वादळाच्या वेळी वाचकाची मागणी डेटाबेसपर्यंत पोचूच द्यायची नाही.

वादळी पान

एक वेगळं स्टॅटिक पान बांधा, म्हणजे डिस्कवर तयार पडलेली एक एचटीएमएल फाइल. ती मागितली की सर्व्हरने उचलून द्यायची, बाकी काही करायचं नाही. वादळात मुख्य पत्त्यावर हीच फाइल दिसेल.

वजनाचं उद्दिष्ट 14 केबी ठेवा, दाबून (कॉम्प्रेस करून) झाल्यावर. हा आकडा हवेतून आलेला नाही. नवी टीसीपी जोडणी उघडल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण 10 पॅकेट, म्हणजे 14 केबीच्या आसपास पाठवतो आणि मग पोच मिळायची वाट बघतो. पान तेवढ्यात बसलं तर ते एका फेरीत पोचतं, आणि गर्दीच्या टॉवरवर फेऱ्या वाचणं फार मोलाचं असतं.

गुजराती किंवा देवनागरी मजकुराला यूटीएफ-8मध्ये दर अक्षरचिन्हाला 3 बाइट लागतात. तीन हजार चिन्हांचा मजकूर 9 केबी होतो. तो जीझिपने चांगला आवळला जातो, म्हणून सर्व्हरवर दाबणी चालू आहे ना हे तपासा. ती बंद असलेल्या वेबसाइट अजूनही सापडतात. सजावटीचे नियम त्याच फाइलमध्ये लिहा. बाहेरून फाँट आणू नका: एका भारतीय लिपीचा फाँट शंभर-दोनशे केबी खातो, आणि अँड्रॉइड फोनमध्ये गुजराती-देवनागरीचा फाँट मुळातच असतो.

जावास्क्रिप्ट पूर्ण काढा. भाषांतराचं बटण, नकाशा, चॅटची खिडकी, मोजदादीची स्क्रिप्ट हे सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतं. तो अडकला की आपलं पान पांढरं राहतं, आणि आपला सर्व्हर मात्र ठणठणीत असतो. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून तो मुळातच ठेवायचा नाही.

पानावर काय, आणि कोणत्या क्रमाने? सर्वांत वर मोठ्या अक्षरांत विश्वामित्रीची पातळी, ती चढते आहे की उतरते आहे, आणि वाचनाची तारीख-वेळ. त्याखाली आजवा. मग गेल्या सहा तासांची तासवार वाचनं एका साध्या तक्त्यात, कारण 24 फूट या एकट्या आकड्यापेक्षा 21, 22, 24 ही चढण माणसाला जास्त सांगते. मग जिल्ह्याचा इशारा, बंद पूल आणि रस्ते, निवाऱ्यांची ठिकाणं, फोन नंबर. नंबर असे लिहा की बोट लावल्यावर थेट फोन लागेल.

वेळेबद्दल कडक राहा. प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची वेळ, आणि पानावर एक ओळ: पुढचं वाचन किती वाजता येणार. वाचन आलं नाही तर तसं लिहा, ‘रात्री 2चं वाचन मिळालं नाही’. वेळ न लिहिलेला जुना आकडा हा बंद पानापेक्षा वाईट असतो, कारण त्यावर विसंबून माणूस झोपतो.

फुटांचाही खुलासा करा. आजव्याचे 212 फूट आणि विश्वामित्रीचे 26 फूट हे वेगवेगळ्या शून्यापासून मोजलेले आहेत. शहरातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं, नव्याने राहायला आलेल्याला आजव्याचा आकडा वाचून धडकीच भरते. दोन्ही आकड्यांशेजारी धोक्याची पातळी छापा. मीटर देऊ नका असं नाही, पण इथले लोक फुटांत बोलतात, तेव्हा फूट आधी.

पाऊस मिलिमीटरमध्ये आणि त्याची मुदत लिहून. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 असा असतो. आपल्याकडचं ‘कालपासून’ म्हणजे मध्यरात्रीपासून. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत ते बहुधा यामुळे, आणि मग लोक म्हणतात की सरकार पाऊस लपवतंय. विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार आणि 204.4च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 500 मिमी पाऊस पडला होता. शेवटच्या वर्गाची सुरुवात कुठे होते आणि पाऊस कुठवर जाऊ शकतो, यातलं अंतर एवढं मोठं आहे. म्हणून वर्गाच्या नावासोबत आकडा हवाच.

चक्रीवादळाची बुलेटिन जागतिक वेळेत (यूटीसी) येतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. 0300 म्हणजे सकाळचे 8:30, 1800 म्हणजे रात्रीचे 11:30, आणि 27 तारखेचे 2100 म्हणजे 28 तारखेच्या पहाटेचे 2:30. घाईत वेळ बदलली जाते आणि तारीख तशीच राहते, ही चूक नेहमीची आहे. जागतिक वेळेच्या मुख्य आठ वेळांचा तक्ता छापून कीबोर्डशेजारी चिकटवा.

इशाऱ्याचा रंग शब्दांतही लिहा. हिरवा: इशारा नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: कृती करा. नुसता रंगीत चौकोन ठेवला तर रंगांध माणसाला आणि स्क्रीन वाचून घेणाऱ्या अंध माणसाला त्यातून काहीच कळत नाही. अंदाज मात्र स्वतःच्या शब्दांत मांडू नका. अहमदाबादच्या हवामान केंद्राचं वाक्य जसंच्या तसं, वेळेसकट घ्या आणि खाली त्यांचा दुवा द्या.

भाषा? गुजराती पहिली. मराठी आणि हिंदीची स्वतंत्र छोटी पानं करा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी वयस्क मराठी माणसांना गुजराती बोलता येतं, पण घाईच्या वेळी देवनागरी पटकन वाचता येते. तिन्ही पानांचे आकडे मात्र एकाच फाइलमधून यायला हवेत. तीन ठिकाणी हाताने भरलेले आकडे दोन तासांत तीन वेगळे आकडे होतात.

कॅश आणि तिचे रुसवे

स्टॅटिक फाइलच्या पुढे कॅश, म्हणजे पानाची तयार प्रत देणारा थर ठेवा: सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारी सेवा) किंवा निदान एनजिनएक्स या सर्व्हर-प्रणालीची कॅश. पानाला 60 सेकंदांचं आयुष्य द्या. पातळी तासाला बदलते, त्यामुळे एक मिनिट उशीर चालतो, पण त्या एका मिनिटात वीस हजार मागण्या कॅशच परतवते. रडारचं चित्र साधारण 10 मिनिटांनी बदलतं, त्याला 5 मिनिटं. सजावटीच्या चित्रांना एक वर्ष, आणि चित्र बदललं तर फाइलचं नाव बदलायचं.

एवढं बहुतेक जण करतात. चुका पुढे होतात.

पहिली: मुदत संपण्याचा क्षण. 60 सेकंद संपले की त्या क्षणाच्या शेकडो मागण्या एकदम मूळ सर्व्हरवर धडकतात. एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ चालू करा. मग एकच मागणी मागे जाते आणि बाकीच्या तिच्या उत्तरासाठी थांबतात. सोबत ‘प्रॉक्सी कॅश यूज स्टेल’मध्ये एरर, टाइमआउट आणि अपडेटिंग हे तिन्ही घाला, म्हणजे मूळ सर्व्हर मेला तरी शेवटची प्रत दिली जाते. सीडीएन असेल तर हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या सूचनांत) ‘स्टेल-इफ-एरर’ 6 तासांचं द्या. आपला सीडीएन ते पाळतो का, हे आधी तपासून घ्या. जुनी प्रत द्यायला भीती वाटू नये, म्हणून तर वर वेळ छापायचा आग्रह धरला.

दुसरी: दुव्याची शेपटी. फेसबुकवरून कुणी दुवा उघडला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि लांबलचक खूण चिकटते, प्रत्येकाची वेगळी. कॅशच्या लेखी ते प्रत्येक वेळी नवं पान असतं आणि मागणी थेट मागे जाते. प्रश्नचिन्हापुढचं सगळं कॅशने दुर्लक्षित करावं अशी सूचना द्या.

तिसरी: कुकी, म्हणजे पाहुणा ओळखायला वेबसाइट त्याच्या फोनमध्ये ठेवते ती छोटी नोंद. मूळ वेबसाइट प्रत्येक पाहुण्याला कुकी देत असेल तर बऱ्याच कॅश ते पान साठवतच नाहीत. वादळी पानाच्या उत्तरात कुकी अजिबात नको. एका ओळीची चाचणी पुरते: पान दोनदा मागवा आणि दुसऱ्या वेळी कॅशने ‘हिट’ सांगितलं का ते बघा.

चौथी आपली आपणच केलेली असते: आपोआप ताजं होणारं पान. लाखभर फोनवर पान उघडं आहे आणि ते दर 10 सेकंदांनी स्वतःला रिफ्रेश करतंय. म्हणजे कुणी बोटही न लावता सेकंदाला 10 हजार मागण्या. 5 मिनिटं ठेवा, मागण्या 333वर येतात. तासवार वाचनाला पाच मिनिटं भरपूर झाली.

जो दरवाजा आपणच लावतो

सुरक्षेची गाळणी वादळात खऱ्या माणसांनाच बाहेर ठेवते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे बसवतात. ‘एका पत्त्यावरून मिनिटाला 100 मागण्या’ अशी मर्यादा घातली असेल तर फतेगंजमधले शंभर फोन एका मिनिटात ती ओलांडतील, आणि गाळणी अख्ख्या भागाला हल्लेखोर समजेल. वादळी पानावरची ही मर्यादा काढा. स्टॅटिक 14 केबीला तिची गरज नाही. लॉगिनच्या पानावर ती राहू द्या, उलट अजून कडक करा.

कॅप्चा तर नकोच. मंद लाइनवर त्याची चित्रं उतरत नाहीत.

आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेट-पत्त्यांची नवी पद्धत, चालू करा. भारतातली मोबाइल वाहतूक मोठ्या प्रमाणात त्यावरून चालते आणि तिथे पत्त्यांची वाटणी एवढी दाट नसते. परदेशातून येणाऱ्या मागण्या अडवल्या असतील तर वादळी पानापुरती ती अडवणूक उठवा. बडोद्यातल्या किती घरांची मुलं अमेरिका-कॅनडात आहेत हे सांगायला नको. घरच्यांचा फोन बंद झाला की पातळी बघून शेजाऱ्यांना कळवणारी तीच असतात.

डोमेन आणि प्रमाणपत्र

डीएनएसमधली (वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) मुदत 86400 सेकंद ठेवलेली असेल तर सर्व्हर बदलल्यावर जुना पत्ता काही लोकांकडे दिवसभर टिकून राहतो. जूनच्या सुरुवातीलाच ती 300 करा. आदल्या दिवशी केलेल्या बदलाचा उपयोग नाही, कारण जुनी मुदत आधी संपावी लागते. जीओव्ही डॉट इन डोमेनच्या नोंदी एनआयसीकडून (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून) बदलाव्या लागतात, तेव्हा कोणाला, कोणत्या पत्राने कळवायचं हे आधी विचारून कागदावर ठेवा.

वेबसाइट सुरक्षित असल्याचं (एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र लांब मुदतीचं असेल तर ते संपण्याची तारीख जून ते ऑक्टोबरच्या बाहेर न्या. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होतं असं आपण धरून चालतो; पण सीडीएन पुढे बसवला की कधी कधी तपासणीची फाइल मूळ सर्व्हरपर्यंत पोचत नाही आणि नूतनीकरण गुपचूप फसतं. 30 दिवस आधी सूचना येईल अशी वेगळी टेहळणी लावा. याच संस्थेचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1च्या आधीच्या फोनांत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असे जुने फोन असतात, म्हणून एक जुना हँडसेट कचेरीत ठेवून त्यावर पान उघडून बघा.

वीज, तार, पाणी

बडोद्याच्या पुराचं पान बडोद्यातल्या तळमजल्यावरच्या सर्व्हरवर ठेवू नका. गांधीनगरचं राज्य डेटा सेंटर, एनआयसीचा मेघराज क्लाउड किंवा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीतला क्लाउड, यांपैकी जे मिळेल ते घ्या. मग शहरात फक्त आकडे भरणारं टेबल जिवंत ठेवायचं उरतं, आणि ते सोपं आहे.

त्या टेबलाचा खर्च: एक लॅपटॉप, दोन राउटर, एक दिवा, मिळून 100 वॉट धरा. 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे 1800 वॉट-अवर. त्यातली 80 टक्के वापरायची, इन्व्हर्टर 15 टक्के खातो, हाती 1224 उरतात. बारा तास निघतात. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर निम्मेच धरा आणि मे महिन्यात खरोखर मेन बंद करून घड्याळ लावून मोजा. इन्व्हर्टरची ट्रॉली जमिनीलगत असते आणि पाणी शिरलं की पहिली तीच बुडते. तिला टेबलाच्या उंचीवर किंवा वरच्या मजल्यावर न्या.

इंटरनेटच्या दोन लाइनी घेतल्या म्हणजे झालं असं नाही. दोन कंपन्यांच्या तारा पुष्कळदा एकाच खांबावरून येतात, आणि एक झाड पडलं की दोन्ही जातात. खाली उतरून डोळ्यांनी बघा. दुसरी लाइन मोबाइलची असू द्या, तीही पहिल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीची.

सर्व्हरची डिस्क विसरू नका. प्रत्येक मागणीची नोंद साधारण 250 बाइटची. सेकंदाला 667 मागण्या दिवसभर चालल्या तर 14 जीबीची नोंदवही तयार होते. डिस्क भरली की सर्व्हर बसतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. वादळी पानाची नोंद बंद करा किंवा शंभरातली एकच ठेवा.

माणसं

पासवर्ड एकाकडे, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, आणि तो दुसरा कारेलीबागेत पाण्यात अडकलेला. यंत्रं चालू असूनही आकडा तासन्‌तास जुना राहतो तो असा. एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा सुरक्षा-किल्ली वापरा, निदान तीन माणसांकडे, आणि ती तिघं शहराच्या एकाच बाजूला राहणारी नकोत. त्यांतला एक जण शहराबाहेरचा असेल तर उत्तम. आणीबाणीचे कोड कागदावर, बंद पाकिटात, कचेरीच्या कपाटात.

आकडा भरण्याची वाट इतकी लहान करा की मोबाइलवरून, दोन काड्या रेंज असताना ते काम होईल. एक छोटा फॉर्म, चार रकाने: ठिकाण, पातळी, वेळ, टीप. सेव्ह केलं की पान आपोआप नव्याने बांधलं जावं. फॉर्ममध्ये एक पहारेकरी बसवा: नवा आकडा आधीच्यापेक्षा 3 फुटांहून वेगळा असेल तर तो पुन्हा विचारेल. 24 ऐवजी 42 टाइप झालं तर शहरात काय होईल याची कल्पना करा.

वादळी पानाकडे कधी वळायचं, हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता साहेबांच्या परवानगीसाठी फोन लावत बसावं लागणार नाही. चक्रीवादळाच्या नावाची वाट बघू नका. 2024मध्ये बडोदा बुडालं तेव्हा गुजरातवर ‘डीप डिप्रेशन’ होतं, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं कमी दाबाचं क्षेत्र. ‘असना’ हे नाव त्याला अरबी समुद्रात गेल्यावर, 30 ऑगस्टला मिळालं. जिल्ह्याला नारिंगी इशारा किंवा विश्वामित्री 18 फूट, यांपैकी जे आधी होईल तेव्हा वळा, असा नियम आम्ही सुचवू. आठ फुटांची उसंत हाती असते.

फॉरवर्ड होणाऱ्या गोष्टी

पान कितीही चांगलं केलं तरी निम्म्या शहराला माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कळणार. ते गृहीत धरून बांधा. दुवा पाठवल्यावर जी छोटी चौकट दिसते तिच्यात आकडा ठेवू नका. संदेश पाठवला त्या क्षणीचा मथळा त्यात गोठतो आणि सकाळचे 19 फूट रात्रीपर्यंत फिरत राहतात. मथळा कायम एकच: ‘विश्वामित्रीची ताजी पातळी, उघडून बघा’.

चित्र करून पाठवायचंच असेल तर तारीख आणि वेळ चित्राच्या आत, मोठ्या अक्षरांत. दर वर्षी जुन्या पुराची चित्रं नव्या पावसात फिरतात, कारण त्यांवर फक्त वार लिहिलेला असतो.

स्कॅन केलेली पीडीएफ टाळा. सहीचं पत्र 4 एमबीचं होतं, मंद लाइनवर उतरत नाही आणि अंध माणसाच्या फोनला ते वाचता येत नाही. जुन्या गुजराती फाँटात टाइप केलेली पीडीएफ अजून वाईट: दिसते ठीक, पण कॉपी केली की निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. पत्र हवंच असेल तर त्यातला मजकूर युनिकोडमध्ये पानावर, पत्र खाली दुव्याला. उपग्रहाची हलती चित्रं तर पानावर नकोतच. 480 पिक्सेल रुंदीचं एक स्थिर चित्र वेगळ्या पानावर ठेवा आणि दुव्याशेजारी त्याचं वजन लिहा.

सराव

मेमध्ये एक सकाळ राखून ठेवा. होस्टिंगवाल्यांना आधी कळवा, नाहीतर तेच आपल्याला हल्ला समजून बंद करतील. के-सिक्स किंवा डब्ल्यूआरके या मोफत साधनांनी बाहेरच्या यंत्रावरून, कचेरीच्या आतून नव्हे, सेकंदाला 1000 मागण्या 10 मिनिटं चालवा. शंभरातल्या 99 मागण्यांना एका सेकंदात उत्तर मिळालं पाहिजे. मग चाचणी चालू असतानाच मूळ सर्व्हर बंद करा. पान दिसत राहिलं तर कॅशची मांडणी बरोबर. पांढरं झालं तर वरचा कॅशचा भाग पुन्हा वाचून मांडणी तपासा. त्यानंतर मोबाइलवरून एक खोटं वाचन भरा, त्यावर ठळक ‘सराव’ लिहून, आणि ते जुन्या फोनवर दिसायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मिनिटांच्या वर गेलं तर कुठेतरी दुहेरी कॅश बसली आहे.

घरी बसून बघणाऱ्यांसाठी

पातळीच्या पानाचा आणि हवामान विभागाच्या ‘मौसम’ वेबसाइटचा दुवा पावसाआधीच फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवा; गुगलवर शोधून जाण्यात डेटा आणि वेळ दोन्ही जातात, आणि भलतीच वेबसाइट उघडण्याचा धोका वेगळा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ही अ‍ॅप चांगल्या रेंजमध्ये उतरवून ठेवा. पान अडकलं तर लागोपाठ रिफ्रेश करू नका, पाच मिनिटं थांबा. सोसायटीत एकाने बघावं आणि आकडा वेळेसह लिहून ग्रुपवर टाकावा, ‘24 फूट, रात्री 10चं वाचन’ असा. नेट गेलं तर जिल्ह्याचा 1077, राज्याचा 1070, जिवावर बेतलं तर 112. सेलवर चालणारा रेडिओ असेल तर आकाशवाणी लावा.

पाणी उतरल्यावर

वादळी पान काढायची घाई करू नका. नदी उतरत असतानाच निवाऱ्यातली माणसं घरी कधी परतायचं हे ठरवत असतात, आणि वर आजव्यातून सोडलेलं पाणी यायचं असू शकतं. विश्वामित्री 18 फुटांच्या खाली सलग 48 तास राहिली आणि जिल्ह्याचा इशारा उतरला की मुख्य पान परत आणा. वादळी पानाचा पत्ता मात्र चालू ठेवा, कारण तो हजारो ग्रुपमध्ये गेलेला असतो. त्यावर शेवटचं वाचन आणि ‘पूर ओसरला’ ही ओळ राहू द्या. तासवार वाचनं एका साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, तारखेसह, सर्वांना उतरवता येतील अशी ठेवा. पुढच्या मेमध्ये फॉर्ममधला 3 फुटांचा पहारेकरी आणि वळण्याची 18 फुटांची खूण याच वाचनांवर पारखून घ्यायची आहे.